गुन्हा क्रमांक ४२६/८४

पूर्व दिल्लीतल्या कल्याणपुरी पोलीस ठाण्यात नोव्हेंबर १९८४ मध्ये एक एफआयआर नोंदवला गेला. क्रमांक ४२६/८४. त्रिलोकपुरी या पुनर्वसन वसाहतीत त्या दोन-तीन दिवसांत जे काही घडलं, ते जवळजवळ सगळं या एका क्रमांकाखाली गेलं. तिथं शेकडो माणसं मारली गेली होती. ती वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी मारली गेली होती. प्रत्येक खुनाची फिर्याद वेगळी, जबाब वेगळे, तपास वेगळा, हे साध्या हवालदारालाही माहीत असतं. इथं मात्र नंतर एखादी विधवा तक्रार घेऊन आली की तिचा कागद त्याच फायलीला टाचला जाई. कुणी कुणाला मारलं हे अशा फायलीतून कधीच निघत नाही. ज्यांनी ती फाइल बांधली त्यांना हे कळत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही.

दिल्लीतल्या शीख हत्याकांडाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं, त्यात रॉकेल आणि जळते टायर हमखास येतात. ते खरंच आहे आणि ते विसरूही नये. पण माणसं मारण्याचं काम तीन-चार दिवसांत संपलं. त्याची नोंद होऊ न देण्याचं काम पुढं तीस वर्षं चाललं. आणि तेवढीच वर्षं काही प्राध्यापक, वार्ताहर, वकील आणि मुख्यतः विधवा ती नोंद टिकवायला धडपडत राहिल्या. ही दुसरी गोष्ट फार कमी सांगितली गेली आहे.

घटनाक्रम थोडक्यात सांगायला हवा, कारण आज चाळिशीत असलेल्या वाचकालाही तो शाळेत शिकवलेला नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास १, सफदरजंग रोडवर इंदिरा गांधींवर त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. जूनमध्ये सुवर्णमंदिरात घुसलेल्या लष्कराच्या ‘ऑपरेशन ब्लू स्टार’चा तो सूड होता. दुपारनंतर एम्सच्या परिसरात जमाव जमला. परदेशदौरा तोडून आलेल्या राष्ट्रपती झैलसिंग यांच्या ताफ्यावर तिथंच दगड पडले. संध्याकाळी राजीव गांधींचा शपथविधी झाला. तोवर रस्त्यावर शीख दिसला की त्याची पगडी उडव, त्याला बसमधून ओढून मार, त्याची टॅक्सी पेटव, असं चाललं होतं. त्या संध्याकाळच्या प्रकाराला उद्रेक म्हणता येईल.

१ नोव्हेंबरच्या सकाळपासून जे सुरू झालं, त्याला तसं म्हणता येत नाही. त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी, नांगलोई, पालम, राजनगर, सागरपूर अशा शहराच्या कडेच्या वस्त्यांत जमाव आले. शिखांची घरं आणि दुकानं कुठली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हातात याद्या होत्या असं साक्षीदारांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. लोखंडी सळया, रॉकेल आणि पेट घेणारी पांढरी पावडर सगळीकडे सारखीच होती. आधी गुरुद्वारा जाळायचा, मग पुरुषांना घराबाहेर काढायचं, अशी पद्धतही बहुतेक ठिकाणी एकच होती. संचारबंदी पुकारली गेली, पण ती फक्त घरात बसलेल्यांनी पाळली. लष्कर बोलावल्याचं जाहीर झालं, तरी त्याचा प्रभाव दिसायला ३ नोव्हेंबर उजाडला. त्याच दिवशी इंदिराजींवर अंत्यसंस्कार झाले. दिल्लीतल्या मृतांचा सरकारी आकडा २,७३३. तो ठरवायलासुद्धा १९८७ उजाडलं; त्यासाठी आहुजा समिती नेमावी लागली. कानपूर, बोकारो आणि हरियाणातल्या गावांचे मृत त्यात नाहीत.

मराठी वाचकाला या दिवसांतली दोन नावं ओळखीची वाटतील. दिल्लीचे नायब राज्यपाल होते पी. जी. गवई, महाराष्ट्राच्या प्रशासनात कारकीर्द केलेले. हत्याकांड ओसरताच ते पदावरून गेले आणि त्यांच्या जागी एम. एम. के. वली आले. आणि दिल्ली पोलीस ज्यांच्या अखत्यारीत येत, ते केंद्रीय गृहमंत्री होते पी. व्ही. नरसिंह राव. उत्तम मराठी बोलणारे, मराठी कादंबरी तेलुगूत नेणारे राव पुढच्याच महिन्यात विदर्भातल्या रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्या प्रचारात दिल्लीचा हिशोब त्यांच्याकडे कितपत मागितला गेला, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःला विचारायला हरकत नाही.

मारले गेलेले कोण होते? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण ‘शीख’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्रान्सपोर्टवाला किंवा मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापारी येतो. त्रिलोकपुरीच्या ३२ नंबरच्या ब्लॉकमध्ये राहणारे बरेचसे लोक लबाना शीख होते. खाटा विणणारे, हातगाडी ओढणारे, ऑटोरिक्षा चालवणारे, सुतारकाम करणारे. आणीबाणीत दिल्लीच्या झोपड्या पाडून गरिबांना यमुनापार नेऊन टाकलं, तेव्हा जी वसाहत उभी राहिली, तीच ही. एकेका खोलीचं घर आणि अरुंद गल्ली. पळायला वाट नव्हती.

त्या ब्लॉकची बातमी बाहेर आली ती तीन वार्ताहरांमुळे. ‘इंडियन एक्सप्रेस’चे राहुल बेदी आणि जोसेफ मलियाकन, आणि ‘जनसत्ता’चे आलोक तोमर. २ नोव्हेंबरला दुपारी ते तिथं पोहोचले, तेव्हा जमावाने त्यांना अडवलं. वाटेत भेटलेल्या पोलिसांनी सांगितलं की आत सगळं शांत आहे. कल्याणपुरी ठाण्यात गेले, तर आवारात एका ट्रकमध्ये जळालेले मृतदेह होते आणि त्यांच्यात एकजण अजून जिवंत होता. तिथून ते पोलीस मुख्यालयात गेले, वरिष्ठांना सांगितलं आणि टोलवाटोलवी ऐकून परत आले. संध्याकाळी जेव्हा त्यांना ब्लॉकमध्ये शिरता आलं, तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, इतके मृतदेह होते. त्या एका ब्लॉकमध्ये साडेतीनशेच्या आसपास माणसं मारली गेल्याचं वृत्त त्यांनी दिलं. दूरदर्शन त्या वेळी तीनमूर्ती भवनातलं अंत्यदर्शन दाखवत होतं.

यानंतर जे झालं, ते भारतीय नागरी समाजाच्या इतिहासातलं एक अभिमानास्पद पान आहे असं मी मानतो. ‘नागरिक एकता मंच’ नावाची एक सैलशी जुळणी तयार झाली. त्यात विद्यापीठातले शिक्षक, विद्यार्थी, स्त्री-चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. फर्श बाजार, श्यामलाल कॉलेज अशा ठिकाणच्या छावण्यांत ते चादरी आणि औषधं घेऊन गेले. आणि मदत करता करता त्यांनी वह्या उघडल्या. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, कुठला ब्लॉक, किती वाजता, जमावात ओळखीचं कोण होतं, पोलीस कुठं होते. हे प्रश्न विचारायचं काम खरं तर पोलिसांचं. ते इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी केलं.

पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या दोन संघटनांनी ३१ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळाची संयुक्त चौकशी करून एक छोटी पुस्तिका काढली. नाव होतं ‘हू आर द गिल्टी?’ नोव्हेंबर संपायच्या आत ती लोकांच्या हातात होती. गोविंद मुखोटी आणि रजनी कोठारी हे त्या दोन संघटनांचे अध्यक्ष. इंग्रजी-हिंदीत आणि पंजाबीत तिच्या प्रती हातोहात फिरल्या. लोकांना धक्का बसला तो परिशिष्टामुळे. पीडितांनी ज्यांची नावं घेतली, त्या दोनशेहून अधिक लोकांच्या याद्या तिथं वस्तीवार छापल्या होत्या. एच. के. एल. भगत, सज्जन कुमार, जगदीश टायटलर, ललित माकन, धरमदास शास्त्री हे त्या वेळच्या सत्ताधारी काँग्रेसचे नेते त्यात होते. पोलीस अधिकारी होते. गल्लीतले रेशन दुकानदार आणि रॉकेलवालेही होते. आरोप म्हणजे शाबीत गुन्हा नव्हे, हे पुस्तिकेच्या लेखकांना कळत होतं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की इतके लोक नावं घेत आहेत, तर चौकशी करा.

पुस्तिकेने आणखी एक काम केलं. अफवा कशा पसरल्या याची नोंद केली. शिखांनी मिठाई वाटली, पाण्यात विष कालवलं, पंजाबातून हिंदूंच्या प्रेतांनी भरलेली गाडी आली, या त्या तीन अफवा. पाण्याबद्दलची अफवा तर काही भागांत पोलिसांच्याच गाड्यांवरून सांगितली गेल्याचं साक्षीदारांनी सांगितलं. आणि त्याचबरोबर ज्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी शिखांना घरात लपवलं, त्यांचीही नोंद त्याच पानांत आहे. दंगलीचं वर्णन करताना ‘लोक भडकले’ हे वाक्य किती आळशी असतं, हे ही पुस्तिका वाचली की कळतं.

सिटिझन्स फॉर डेमोक्रसी या संघटनेनेही जानेवारी १९८५ मध्ये आपला अहवाल काढला. तिच्यामागे होते न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. सासवडचा हा माणूस. मुंबई उच्च न्यायालयाचं न्यायमूर्तिपद सोडून दिल्लीत वकिली करायला गेला, आणीबाणीत जयप्रकाशांबरोबर नागरी हक्कांची चळवळ उभारली. रॉयवादी, निरीश्वरवादी तारकुंडे पंजाबातल्या आणि दिल्लीतल्या शिखांसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना देशद्रोही म्हणणारे कमी नव्हते. महाराष्ट्रात त्यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही. माजी सरन्यायाधीश एस. एम. सिक्री यांच्या अध्यक्षतेखालच्या नागरिक आयोगानेही त्याच महिन्यात निष्कर्ष मांडले. म्हणजे सरकारने पहिला आयोग नेमण्याआधी नागरिकांचे तीन अहवाल छापून झाले होते.

सरकार काय करत होतं? १९ नोव्हेंबरला बोट क्लबवरच्या सभेत राजीव गांधींनी मोठं झाड कोसळलं की आजूबाजूची जमीन हादरतेच अशा अर्थाचं विधान केलं. डिसेंबरमध्ये काँग्रेसला लोकसभेत चारशेच्या वर जागा मिळाल्या. पोलिसांच्या भूमिकेची अंतर्गत चौकशी वेद मारवाह हे अधिकारी करत होते. ती पुरी होत आली असताना १९८५ मध्ये थांबवायला सांगण्यात आलं. न्यायालयीन चौकशीसाठी नागरी हक्क संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तर याचिका फेटाळली गेली.

एप्रिल १९८५ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोग नेमला गेला आणि त्याने कामकाज बंद दाराआड चालवलं. पीडितांच्या बाजूने सिटिझन्स जस्टिस कमिटी उभी होती. सिक्री, तारकुंडे, सोली सोराबजी, खुशवंत सिंग, जनरल जगजितसिंग अरोरा आणि तरुण वकील एच. एस. फुलका. कोण साक्ष देतंय, काय सांगतंय हेच कळू न देता चाललेल्या चौकशीत भाग घेण्यात अर्थ नाही, म्हणून १९८६ मध्ये ही समिती बाहेर पडली. मिश्र यांनी वरच्या नेत्यांना दोष दिला नाही. पुढं ते सरन्यायाधीश झाले, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले आणि त्यानंतर काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले. यावर भाष्य करण्याची गरज नाही.

त्यानंतरच्या समित्यांची जंत्री मी देत नाही, दहाएक झाल्या. त्यातल्या दोन लक्षात ठेवण्याजोग्या. जैन-बॅनर्जी समितीने सज्जन कुमार यांच्यावर खुनाचा गुन्हा नोंदवा म्हटलं, तर एका सहआरोपीने उच्च न्यायालयातून स्थगिती आणली आणि समितीच निकालात निघाली. कुसुमलता मित्तल यांनी १९९० मध्ये ७२ पोलिसांवर ठपका ठेवला आणि त्यातल्या ३० जणांना बडतर्फ करण्याची शिफारस केली. ती शिफारस कागदावरच राहिली.

इथं ४२६/८४ कडे परत यायला हवं. १९९६ मध्ये सत्र न्यायाधीश एस. एन. धिंग्रा यांनी त्रिलोकपुरी प्रकरणात ८९ जणांना शिक्षा दिली. मृतदेह ९५ मिळाले होते. पण शिक्षा झाली ती दंगल, जाळपोळ आणि संचारबंदी मोडल्याबद्दल. या आरोपींवर खुनाचा आरोपच ठेवलेला नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम केली, आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काहींना पुराव्याअभावी सोडलं. सगळ्या दिल्लीत मिळून ५८७ एफआयआर नोंदले गेले होते. त्यातले दोनशे चाळीसच्या आसपास ‘आरोपी सापडत नाहीत’ म्हणून बंद झाले.

या सगळ्या काळात स्मृती कुठं राहत होती? पश्चिम दिल्लीत टिळकविहार नावाची वसाहत आहे. तिथं सरकारने विधवांना सदनिका दिल्या आणि ती ‘विडो कॉलनी’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. बायकांना शाळा-कचेऱ्यांत शिपायाच्या नोकऱ्या मिळाल्या. आई कामावर आणि बाप मेलेला, अशी वाढलेली बरीच मुलं नशेच्या आहारी गेली. तिथल्या गुरुद्वाऱ्यात मृतांचे फोटो लावलेले आहेत. लग्नातले, रेशनकार्डावरचे, काही पुसट झालेले. अनेक घरांत तेवढाही फोटो उरला नव्हता, कारण तो घराबरोबर जळला.

ज्यांनी या बायकांचं म्हणणं धीराने ऐकून लिहून ठेवलं, त्यांच्यात उमा चक्रवर्ती आणि नंदिता हक्सर होत्या. मुलाखतींचं त्यांचं पुस्तक १९८७ मध्ये आलं. मधु किश्वर यांच्या ‘मानुषी’ या नियतकालिकाने तर १९८४ मध्येच सविस्तर वृत्तांत छापला होता. मानववंशशास्त्रज्ञ वीणा दास सुलतानपुरीत विद्यार्थ्यांसह महिनोन् महिने जात राहिल्या. एकाच वस्तीत एका गल्लीत घरटी प्रेत आणि पलीकडच्या गल्लीत त्यामानाने कमी, असं का झालं, हे त्यांनी शोधलं. उत्तर स्थानिक भांडणांत, जातीत आणि तिथल्या पुढाऱ्याच्या राजकारणात सापडलं. मोठ्या हिंसेचा अभ्यास गल्लीच्या पातळीवर करायचा असतो, ही शिस्त भारतात बरीचशी या कामातून आली. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर न्यायमूर्ती दाऊद आणि सुरेश यांचा लोकन्यायाधिकरणाचा अहवाल निघाला, श्रीकृष्ण आयोगासमोर नागरिक संघटना चिकाटीने उभ्या राहिल्या, त्यामागेही दिल्लीचा हा अनुभव होता.

दिल्लीबाहेर तर विसरणं आणखी सोपं होतं. हरियाणात रेवाडी जिल्ह्यात चिल्लर गावाजवळ होंद नावाची शिखांची छोटी वाडी होती. फाळणीत पाकिस्तानातून आलेली कुटुंबं. २ नोव्हेंबर १९८४ ला तिथं तीसहून अधिक जण मारले गेले. उरलेले रातोरात निघून गेले, ते परतलेच नाहीत. फिर्याद नोंदलेली होती, पुढं काही झालं नाही. २०११ मध्ये गुडगावात नोकरी करणारा एक शीख इंजिनियर ऐकीव माहितीवरून तिथं पोहोचला, तेव्हा विटांची पडकी घरं तशीच उभी होती. सत्तावीस वर्षांनी देशाला कळलं की दिल्लीपासून दीड-दोन तासांवर एक अख्खी वाडी पुसली गेली होती. मग हरियाणा सरकारने आयोग नेमला.

२००० मध्ये नेमलेल्या नानावटी आयोगाचा अहवाल २००५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत आला. काही प्रकरणं पुन्हा उघडा असं त्याने म्हटलं. टायटलर यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत देशाची माफी मागितली. तारकुंडे ते पाहायला नव्हते. २००४ मध्ये ते गेले होते.

पुन्हा उघडलेल्या प्रकरणांत दिल्ली कँटोन्मेंटच्या राजनगरमधलं एक होतं. नवरा, मुलगा आणि नात्यातले तीन भाऊ गमावलेल्या एका बाईने मिश्र आयोगापुढे १९८५ मध्ये शपथपत्र दिलं होतं. २०१३ मध्ये खालच्या कोर्टाने सज्जन कुमार यांना निर्दोष सोडलं. १७ डिसेंबर २०१८ ला न्यायमूर्ती एस. मुरलीधर आणि विनोद गोयल यांनी तो निकाल फिरवला आणि त्यांना उरलेल्या आयुष्यभराची जन्मठेप दिली. निकालात एक हिशोब आहे. दिल्ली कँटोन्मेंट भागात १ ते ४ नोव्हेंबरदरम्यान ३४१ मृत्यू झाले. एफआयआर नोंदले गेले २१, आणि त्यातले मृत्यूंबद्दलचे फक्त १५. ज्या बाईच्या जबाबात विसंगती शोधण्यात बचाव पक्षाने वर्षं घालवली, तिच्यावर न्यायालयाने विश्वास ठेवला, आणि ज्या पोलीस दप्तराला पुरावा म्हणून पुढं केलं जात होतं, त्याच्या कोरेपणालाच पोलिसांच्या अपयशाचा पुरावा मानलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरस्वतीविहारमधल्या बाप-लेकाच्या खुनाबद्दल सज्जन कुमार यांना दुसरी जन्मठेप झाली. भगत मात्र २००५ मध्येच, कुठलीही शिक्षा न होता, गेले.

संसदेपासून हाकेच्या अंतरावर, गुरुद्वारा रकाबगंजच्या आवारात जानेवारी २०१७ मध्ये ‘सच दी दीवार’ उभी राहिली. तिच्यावर मृतांची नावं कोरली आहेत. ती दिल्ली शीख गुरुद्वारा व्यवस्थापन समितीने बांधली, गुरुद्वाऱ्याच्या जागेत. केंद्र सरकारने या हत्याकांडाचं राष्ट्रीय स्मारक आजवर बांधलेलं नाही.

२०१८ च्या त्या निकालात न्यायमूर्तींनी १९८४ च्या पुढं मुंबई १९९३, गुजरात २००२, कंधमाल २००८ आणि मुझफ्फरनगर २०१३ यांची नावं एका ओळीत लिहिली. अल्पसंख्याकांना लक्ष्य करायचं, राजकीय छत्राखाली करायचं आणि पोलिसांनी बाजूला उभं राहायचं, ही रीत सगळीकडे एकच आहे, असं त्यांनी नोंदवलं. आणि कायदेमंडळाला सांगितलं की जनसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशातल्या कायद्यात अजून नाहीत, ही उणीव तातडीने भरून काढायला हवी. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जात, समुदाय, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला त्यात स्वतंत्र तरतूद आहे. जनसंहाराला नाही.